शिरवाळ्यांच्या साच्यातली इटली

माझे बाबा इटलीला गेले त्या संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली जेवढी माणसं जमली होती, तेवढी कुणाच्या वरातीलाही जमली नसतील. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे चोळत उठले, तर बाबा आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. खाली सुटकेस. खिडकीच्या खिळ्याला झेंडूचा हार.

"आई, बाबा गेले नाहीत?"

"गेले होते. आले," आई म्हणाली. "दात घास."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा सातवीत होते. जोगेश्वरी पूर्वेला तीन मजली बिल्डिंग, मजल्यामजल्याला लांबच लांब गॅलरी आणि गॅलरीत उघडणाऱ्या खोल्या. बहुतेक घरं कोकणातली. आधीची पिढी गिरणीत, पुढची अंधेरीच्या कारखान्यांत. बाबा औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या एका कंपनीत फिटर होते. कंपनी इटलीहून नवीन मशीन आणणार होती आणि ते शिकून यायला कंपनीने चक्क माझ्या बाबांना निवडलं होतं. फिटरला! इटलीला! मी तर शाळेत जमिनीवर चालतच नव्हते.

तयारी काय विचारू नका. स्टेशनजवळच्या टेलरकडे करड्या रंगाचा सूट शिवला. कंपनीने भाषेची एक कॅसेट दिली आणि एक रंगीत पुस्तक दिलं, त्यात तिथल्या गावांची, जेवणाची, बाजाराची चित्रं. रोज संध्याकाळी मी आणि बाबा कॅसेट लावून बसायचो. एका धड्यात कुणीतरी दार वाजवतं आणि आतून बाई म्हणते, "अव्हान्ती!" म्हणजे या, आत या. हा आमचा सगळ्यात आवडता धडा. बाबा गॅलरीत जाऊन आमचंच दार ठोठावायचे, मी आतून "अव्हान्ती!" करून किंचाळायचे, मग ते आत येऊन कमरेत वाकून "ग्रात्सिए", म्हणजे आभारी आहे, असं म्हणायचे. आई चपात्या लाटता लाटता म्हणायची, "मोडा ते दार एकदाचं."

निघायच्या दिवशी तळमजल्यावरच्या आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. हे आजोबा आमच्या नात्याचे नव्हते, सगळ्या बिल्डिंगचेच होते. आमच्या कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला मोठ्याने हाक मारून सगळं सांगायची पद्धत आहे, आणि ते काम वडीलधाऱ्याचं. आजोबा हात जोडून गरजले, "बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू सातासमुद्रापलीकडे जाता हा. काय वाकडानाकडा असात ता दूर कर आनि तेका सुखरूप घरात हाड रे म्हाराजा!" हाड म्हणजे आण. बाकीच्यांनी जिने दणाणून सोडले, "व्हय म्हाराजा!" आईने ओवाळलं, हातावर दही घातलं. बाबा "येतो" म्हणाले. आणि आमच्या आईला कुठून एवढं स्फुरण चढलं कोण जाणे, तिने गॅलरीतून सगळ्यांदेखत जाहीर केलं, "हे परत आले की अख्ख्या मजल्याला तिकडचं जेवण घालीन!"

विमानतळावर कंपनीचा माणूस आधीच येऊन थांबला होता. मशीनची ऑर्डर रद्द. आता जायचं कारण नाही. बाबा सूट, टाय, हारासकट घरी परत आले.

बरं, नुसतं परत येण्याचं दुःख परवडलं असतं. पण बिल्डिंग! तिसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. दिवसा कुठल्याशा ऑफिसात नोकरी, आणि गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात मॅन्डोलिन वाजवायचे. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. जिन्यात बाबा दिसले रे दिसले की ते ओरडायचे, "काय, कशी होती इटली?" रोज. आणि मग वरून खालून खिदळणं. मला तर वाटायचं, त्यांची मॅन्डोलिन घेऊन त्यांच्याच डोक्यात घालावी.

बाबा त्यांना काही म्हणाले नाहीत. ते कुणालाच काही म्हणेनासे झाले. गॅलरीत बसणं बंद. कॅसेट बंद. सकाळी लोक उठायच्या आत कामाला जायचे आणि आल्यावर दार लावून घ्यायचे. एक दिवस जेवताना त्यांनी सांगितलं, "मालाडला एक खोली बघितलीय. महिनाअखेरीला हो म्हणून कळवायचंय. इथे मला तोंड दाखवायची लाज वाटते." माझी शाळा, माझ्या मैत्रिणी, माझी गॅलरी! मी भोकाड पसरलं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "जाऊ की. पण माझा शब्द गेलाय. आधी जेवण घालीन, मग सामान बांधीन."

"कसलं जेवण?"

"तिकडचं. कबूल केलंय मी."

"अगं, मी गेलो कुठे तिकडे? अजून हसं करून घ्यायचंय?"

"हसतायत ते आताही हसतायत," आई म्हणाली. "पोटभर खाऊन हसू देत."

येत्या रविवारी दुपारी जेवण, असं आईने मजल्यावर सांगूनसुद्धा टाकलं. बाबा म्हणाले, "मी खोलीतून बाहेर येणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

त्या रात्रीपासून आईने ते रंगीत पुस्तक ताब्यात घेतलं. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, मला थोडंफार इंग्रजी यायचं. पण आईने चित्रं अशी बघितली, जशी ती बाजारात पापलेट बघायची, उलटीपालटी करून. आणि एका पानावर ती जी ओरडली! "अगं बाई! तिसऱ्या!"

खरंच की. एका बशीत पांढऱ्या लांब शेवया आणि त्यांच्यात, तोंड उघडून बसलेल्या, अस्सल तिसऱ्या. आमच्या खाडीतल्या शिंपल्या, जशाच्या तशा. वर लसूण आणि काहीतरी हिरवं. आईला इतका आनंद झाला की माहेरची माणसं भेटल्यासारखी ती त्या पानावरून हात फिरवायला लागली. "आपण एक शिंपली काढून टाकतो, यांनी दोन्ही ठेवल्यात. आळशी आहेत. पण तिसऱ्या खातात म्हणजे माणसं चांगली असणार."

आणि शेवया? बाबांनी पूर्वी सांगितलं होतं की वांद्र्याच्या एखाद्या दुकानात पाकीट मिळतं, पण महाग. आई म्हणाली, "पाकीट कशाला? शिरवाळ्यांचा साचा आहे ना!" शिरवाळे म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसाबरोबर खातात. त्यांचा लाकडी साचा माळ्यावर होता. खाली उभा नळा, वर लांब दांडा. एकाने साचा धरायचा आणि दुसऱ्याने दांड्यावर सगळं वजन टाकायचं.

इथेच आमची वाट लागली. शिरवाळ्यांना पिठाचे गोळे आधी पाण्यात उकडतात आणि गरम गरम साच्यातून काढतात. आईने मैदा-रव्याचे गोळे अगदी तसेच उकडले. आम्ही साच्यात घातले, मी दांड्यावर लोंबकळले, आणि खालून जे काही उतरलं त्याने भिंतीवर पोस्टरं चिकटवता आली असती. एक लगदा! साचाही चिकटला, दांडाही चिकटला, माझी वेणीही चिकटली. आई कपाळावर हात मारून बसली आणि मला इतकं हसू आलं की पोटात दुखायला लागलं.

बाबा खाटेवर पेपर तोंडासमोर धरून पडले होते. किती तरी वेळ पेपराचं पान उलटलं नव्हतं. शेवटी पेपराआडून आवाज आला, "उकडलं कशाला?"

"शिरवाळे उकडतातच," आई फणकारली.

"ते तांदळाचे. मैदा उकडलास तर खळच होणार. कच्चंच घे, घट्ट मळ, दगडासारखं. आणि दाब कमी पडतोय."

"मग दाब देणारा माणूस खाटेवर पडलाय, त्याला कोण काय करणार?"

बाबा उठले. त्यांनी साचा उचलला, तळाची जाळी उजेडात धरून बघितली, नखाने भोकं तपासली. "भोकं बारीक आहेत. मैदा यातून जाणार नाही, दांडा मोडेल," ते स्वतःशीच पुटपुटले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कारखान्यात लेथवर पितळेची नवी चकती बनवून आणली, मोठ्या भोकांची, कडा अशा गुळगुळीत की जीभ फिरवावी. खिशातून ती काढताना त्यांचे डोळे चमकत होते. मग काय, माझे बाबा फिटर झाले परत! दांड्याला लोखंडी पाइप जोडून लांब केला, साचा पाटाला बांधला, मला पाटावर बसवलं. "आता बघ हां," म्हणाले आणि दाबलं. आणि आली की हो! खालून लांब, सरळ, पिवळसर, एकमेकींना न चिकटलेली, इटली आली! मी टाळ्या पिटल्या. बाबांच्या तोंडून आपोआप निघालं, "ब्राव्हो!" इतक्या दिवसांत पहिलाच शब्द त्या भाषेतला.

शेवया वाळवायच्या कुठे? गॅलरीत कपड्यांच्या काठ्या होत्या. धुतलेलं धोतर टाकून आईने शेवया त्या काठ्यांवर पसरल्या. संध्याकाळी सगळा मजला आमच्या दारासमोर. "हे काय वाळत घातलंय गं?" आई तोऱ्यात म्हणाली, "रविवारी कळेल."

शनिवारी बाबा मला घेऊन आरे कॉलनीत गेले. पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की इटलीत एक चीज म्हशीच्या दुधाचं करतात. आईला हे कळल्यावर तिने तोंडात बोटच घातलं, "म्हशी पण आहेत? मग आणखी काय पाहिजे!" बसमधून दोन्ही बाजूंना झाडं पळत होती आणि बाबा खिडकीला टेकून मला सांगत होते की मशीन बनवतात त्या गावात रस्त्यांवर लांबच लांब कमानी असतात, पाऊस पडला तरी माणूस भिजत नाही. हात हलवून हलवून सांगत होते. मग मध्येच हात खाली घेऊन म्हणाले, "असं पुस्तकात आहे." मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "बाबा, कमानींचं परत सांगा ना." त्यांनी परत सांगितलं.

तबेल्यातल्या ओळखीच्या भय्याकडून ताजं दूध घेतलं. घरी आईने ते लिंबाने फाडलं, फडक्यात बांधलं, वर वरवंटा ठेवला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ते ताणलं जायला हवं होतं. ते ताणलं वगैरे काही गेलं नाही, चुरा झाला. पण आम्ही तिघांनी ठरवलं की हे चीजच आहे.

आणि आई गप्प बसणारी नव्हे. ती पुस्तक घेऊन थेट तिसऱ्या मजल्यावर मॅन्डोलिनवाल्या काकांकडे गेली. मी मागे मागे. तिने पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. एका बाल्कनीखाली एक माणूस मॅन्डोलिन वाजवत उभा. "भावजी, हे तुमचंच वाद्य ना?"

काका चष्मा लावून बघतच राहिले. "हे... तिकडचं आहे?"

"मग! तुम्ही इतकी वर्षं इटलीच वाजवताय की. उद्या घेऊन या. आणि आमच्या ह्यांना काय विचारायचं ते जरा जपून विचारा."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रविवार उजाडला. आईने पहाटेच बाजार गाठून तिसऱ्या आणल्या, खळखळून धुतल्या. तेलात ठेचलेली लसूण, मिरी, तिसऱ्या, वर झाकण. तिचा हात सारखा मसाल्याच्या डब्याकडे जात होता आणि मी तो डबा मांडीखाली घेऊन बसले होते. शाकाहाऱ्यांसाठी टोमॅटोचा रस्सा आणि आमचं ते चीज. गॅलरीभर लसणीचा असा वास सुटला की पोरं पंगत मांडायच्या आधीच येऊन बसली. काका मॅन्डोलिन काखेत मारून आले. चटया अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. बाबा आत, बनियनमध्ये, खाटेवर. बोलल्याप्रमाणे बाहेर आले नव्हते.

तळमजल्यावरचे आजोबा आले, पण बसेनात. पत्रावळीसमोर उभेच राहिले. आई म्हणाली, "बसा ना आजोबा."

"कसो बसू?" आजोबांनी काठी आपटली. "आमी तेका ओवाळून पाठवलंव. गाऱ्हाना घातलंव. पन परत घेतलंव खंय? चोरासारखो आपलो येवन झोपलो. भाकरतुकडो ओवाळूक नाय, पायार पानी नाय. ह्यो मानूस अजून वाटेरच हा गो. वाटेर असलेल्या मानसाच्या घरात आमी जेवाचा कसा?"

आमच्याकडे लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसावरून उंबऱ्यातच भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, मगच तो घरात येतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि इतक्या दिवसांत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आजोबा दारातून आत वाकून म्हणाले, "झिला, सूट घाल. बॅग घे. खाली जा आनि वर ये."

बाबा जागचे हलले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता हे उठणार, दार लावून घेणार आणि उद्या मालाड. बाबा उठले. त्यांनी दार लावून घेतलं.

आई पातेल्यावर झाकण ठेवून उभी होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तिसऱ्या गार होत होत्या. मी देवाला म्हटलं, देवा म्हाराजा, एवढं कर, मी परत कधी काही मागणार नाही.

दार उघडलं. करडा सूट, टाय, तेल लावून बसवलेले केस, हातात सुटकेस. बाबा पंगतीमधून वाट काढत जिना उतरून खाली गेले. सगळी गॅलरी कठड्यावर ओणवली, त्या संध्याकाळी ओणवली होती तशीच. ते फाटकापर्यंत गेले, फाटकाबाहेर गेले, क्षणभर दिसेनासे झाले. मग वळून आत आले. काकांनी कुणी न सांगता मॅन्डोलिन छेडली आणि त्या झिणझिण आवाजात माझे बाबा जिना चढून वर आले.

ते उंबऱ्यापाशी थांबले. आणि आईच्या लक्षात आलं की घरात भाकरीच नाही! चपातीही नाही. सगळं पीठ इटलीत गेलेलं. "आता गं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग तिने पातेल्यात हात घातला, इटालियन शेवयांचा एक पुंजका काढला, तांब्यातलं पाणी घेतलं आणि दोन्ही बाबांच्या सुटावरून, डोक्यावरून ओवाळून कठड्यापलीकडे भिरकावलं. खाली कावळ्यांची झुंबड उडाली. बाबांच्या खांद्यावर एक शेवई राहिली होती, ती तिने चिमटीने काढली. मग माझी आई, जी कॅसेट चालू असताना कायम चपात्या लाटत असायची, बाजूला सरून हात आत दाखवून म्हणाली, "अव्हान्ती."

बाबांनी उंबरा ओलांडला. त्यांना "ग्रात्सिए" म्हणायचं होतं, पण ते रडायलाच लागले. मीही रडत होते आणि हसतही होते, आणि आजोबा हात जोडून गरजले, "बा देवा म्हाराजा! तुका सांगितलेला, ह्येका सुखरूप घरात हाड. तू हाडलंस. जरा बेगीनच हाडलंस, पन हाडलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जिने पुन्हा दणाणले.

पंगत बसली. आजोबांनी शेवया हाताने गोळा करून भुरकल्या आणि तिसऱ्या कुठल्या बाजारातल्या ते ओळखलं. काकांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मग त्यांनी बोटं चाटली, घसा साफ केला आणि बाबांकडे बघून, पण या खेपेला अगदी हळू आवाजात, विचारलं, "काय, कशी होती इटली?"

सगळ्यांचे हात पत्रावळीवर थांबले. बाबांनी टाय सैल केला, पाण्याचा घोट घेतला.

"थंडी होती जरा," ते म्हणाले. "पण रस्त्यांना कमानी आहेत बरं का, पावसात माणूस भिजत नाही. आणि म्हशी आहेत."

"म्हशी?" अख्खी पंगत ओरडली.

मग बाबा जे सुटले! कमानी, मशीन, बाजार, तिसऱ्या, दार कसं वाजवायचं, आत कसं जायचं. हात हलवून हलवून सांगत होते, लोक प्रश्नावर प्रश्न विचारत होते, आणि हे सगळं पुस्तकातलं आहे हे माहीत असून एकानेही तसं म्हटलं नाही.

लोक गेल्यावर आई मोरीत भांडी घासत होती. बाबा साचा पुसून, चकती वेगळी काढून फडक्यात गुंडाळत होते. आई मान वर न करता म्हणाली, "मालाडच्या त्या खोलीचं काय कळवायचं?"

"कुठली खोली?" बाबा म्हणाले.